अंबूनं हात सोडला नव्हता

७ फेब्रुवारी २०१६, रविवार
व्यंकटी आज अंबूला सोडून गेला. सख्खा भाऊ, पण घरात तासभरही टेकला नाही. चहा अर्धा ठेवला, "अक्का, तिथं पाण्याचे हाल हायेत, हितं शाळा तरी नीट होईल," एवढं बोलून दाराकडं बघत बसला. मी म्हणाले, "अरे, दहा-बारा दिवस झाले तुझा लेक जाऊन. निदान दोन घास खा." तर म्हणाला, "अण्णारावाच्या ट्रॅक्टरवर जायचंय उद्या." आणि गेला.

अण्णाराव म्हणजे गावातला टँकरवाला. त्याच्याच टँकरखाली चार वर्षांचा सम्यक गेला. आणि आमचा व्यंकटी उद्या त्याच्याच ट्रॅक्टरवर बसणार! माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण पोरीसमोर काय बोलायचं?

अंबू आठ वर्षांची आहे. पूर्ण नाव आम्रपाली. बाप निघून गेला तरी ती रडली नाही. दाराशी चप्पल घालूनच बसून राहिली.

मी एकटी राहणारी बाई. अडतिसाव्या वर्षी घरात लेकरू आलंय. भांडी जास्त लागतील, एवढंच सुचतंय.

१० फेब्रुवारी
इथं नांदेडच्या शाळेत नाव घातलं. वर्षाच्या शेवटाला कशाला, म्हणून मुख्याध्यापिकाबाई कुरकुरल्या. मी म्हणाले, उदगीर तालुक्यात पाणी नाही, लेकरांनी शाळेत काय प्यायचं? घेतलं शेवटी.

शाळेची व्हॅन सकाळी आमच्या गल्लीत येते. गल्ली पुढं बंद आहे, म्हणून ड्रायव्हर व्हॅन मागं मागं घेत दारापर्यंत आणतो. मला चालत मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला जावं लागत नाही, हे बरंच झालं. मलाही ऑफिसला जायला अर्धापूरची बस धरायची असते.

१६ फेब्रुवारी, मंगळवार
पोट दुखतंय. रोज सकाळी. रविवारी मात्र दुखत नाही! आज तर व्हॅन दारात आली आणि ही न्हाणीत जाऊन कडी लावून बसली. ड्रायव्हर हॉर्न देतोय, गल्लीतल्या बाया बघतायत, मी बाहेरून दार वाजवतेय. बस चुकली. तहसीलमध्ये माझ्याकडं पाणीटंचाईचं टेबल आहे. दहा गावांचे लोक टँकरसाठी येऊन बसलेले, आणि मी उशिरा. साहेबांनी सगळ्यांसमोर ऐकवलं.

मला नाटकं आवडत नाहीत. आमच्या वेळी चार मैल चालत शाळेत गेलो आम्ही.

२१ फेब्रुवारी, रविवार
जेवायच्या आधी हात धुवायला नको म्हणते. धुतलेच तर फ्रॉकला पुसत राहते, कोरडे झाले तरी पुसतच राहते. हाताची कातडी फाटली आहे तिची. खोबरेल लावायला हात धरला, तर असा हिसका मारला की वाटी पडली. रस्ता ओलांडतानाही हात धरू देत नाही. लहान पोर, रिक्षा-मोटारसायकलींची ही गर्दी, मी हात पुढं करते आणि ती दोन्ही हात पाठीमागं बांधून घेते. लोक बघतात. मी काय चेटकीण आहे?

दिवसभर एकच खेळ. मागच्या अंगणात पाण्याच्या रिकाम्या बाटल्यांची रांग लावते. मग काड्यापेटी ढकलत आणते, उलटी. रांग पाडते. पुन्हा लावते. हसत नाही, बोलत नाही. शेजारच्या केवळाबाई म्हणाल्या, "पोर नाद लागल्यासारखं करून राहिलंय." मी बाटल्या उचलून भंगारवाल्याला देऊन टाकल्या. तर हिनं चपलांची रांग लावली.

२६ फेब्रुवारी
आज मी तिला मारलं.

लिहायला नको वाटतं, पण झालं ते झालं. सकाळी तिनं फ्रॉकमध्येच लघवी केली, व्हॅन दाराशी येता येता. दुसऱ्यांदा. मी ओरडले, तिनं दोन्ही कान झाकून घेतले. माझं ऐकायचं नाही म्हणून कान झाकते, असं वाटलं आणि हात उठला. ती रडली नाही. गालावर माझी बोटं उमटलेली, आणि ती माझ्या पायांकडं बघत होती. पाठच्या भिंतीला अशी चिकटली की भिंतीत शिरेल.

दिवसभर ऑफिसात काही सुचलं नाही. राग कोणाचा आला होता मला? घरी येऊन व्यंकटीला फोन केला, उचलला नाही. शिवकांताला केला. ही माझी भावजय, अंबूची आई. तिनं उचलला आणि मी "अंबूला देऊ का?" म्हणताच कट केला. काळीज आहे की दगड या बाईला? पोरगा गेला हे मान्य, पण जिवंत लेकराशी दोन शब्द बोलता येत नाहीत?

४ मार्च, शुक्रवार
शाळेतून बोलावणं. वर्गशिक्षिका म्हणतात, अंबू फळ्याकडं बघते पण ऐकत नाही. मैदानातून मोठा आवाज आला की बाकाखाली जाते. परवा पाण्याच्या टाकीशी मुलांची रांग लागली होती, तर हिनं सगळ्यांना ढकलून रांग मोडली आणि एका मुलाचा शर्ट धरून त्याला ओढत नेलं. त्याला ओरखडे आले. "मॅडम, तिला वेगळ्या शाळेत घाला. आमची शाळा अशा मुलांसाठी नाही."

अशा म्हणजे कशा? मी तिथंच विचारलं. पहिलीपासून वर्गात पहिली येणारी पोर आहे ती. तिचा भाऊ गेलाय, एवढी माणुसकी नाही तुमच्यात? मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "आवाज खाली ठेवा." मी नाही ठेवला.

घरी येऊन अंबूला विचारलं, त्या पोराला का ओढलंस? म्हणाली, "तो रांगेच्या बाहेर चालला होता."

बास. एवढंच.

७ मार्च, सोमवार, महाशिवरात्र
सुटी. अंबूला नेहमीच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी याआधी जंताचं औषध दिलं होतं, मग टॉनिक. आज ते बराच वेळ तिच्याकडं बघत राहिले आणि एका कागदावर नाव लिहून दिलं: डॉ. सिंधु बिरादार, मुलांच्या मनोविकारतज्ज्ञ. मी कागद चुरगाळला. माझी भाची वेडी नाही. हे त्यांच्या तोंडावर सांगून आले.

केवळाबाई म्हणतात, बाहेरचं आहे, भोकरकडं एक बाबा आहे, लिंबाच्या फोकानं झोडपून काढतो. बाबासाहेबांनी आमच्या आजोबांना यातून बाहेर काढलं, आणि मी भाचीला फोकाखाली नेऊन बसवू? तेही त्यांना ऐकवलं. आज सगळ्या नांदेडशी भांडून झालं माझं.

१५ मार्च, मंगळवार
अंबू आज मेली असती.

व्हॅन मागं येत होती. मी तिला दंडाला धरून दारात उभी केली होती, म्हटलं आज बसवणारच. तिनं माझ्या दंडाला चावा घेतला आणि पळाली. व्हॅनच्या बाजूनं, गल्लीतून थेट मोठ्या रस्त्यावर. ऑटोवाल्यानं करकचून ब्रेक मारला, ऑटो दुभाजकावर चढला. त्यानं शिव्या दिल्या आणि मी त्याचे पाय धरले. ती रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसून दोन्ही हात फ्रॉकला पुसत होती.

चुरगाळलेला कागद पर्समध्येच होता. टाकून का दिला नव्हता, माहीत नाही.

१८ मार्च
डॉ. बिरादार माझ्याच वयाच्या, बारीक चणीच्या, उदगीरकडच्या. बोलणं आमच्याकडचंच, म्हणून जरा बरं वाटलं. अंबूला खेळण्यांच्या खोलीत एका ताईबरोबर बसवलं आणि मला विचारत गेल्या. मी यादीच वाचली: खोटी पोटदुखी, हट्ट, मुलांना मारणं, अंथरूण ओलं करणं, झोपेत ओरडणं.

त्यांनी विचारलं, "पोट कधी दुखतं?"
"शाळेची व्हॅन आली की."
"व्हॅन आली की? का व्हॅन मागं यायला लागली की?"

मला माहीत नव्हतं.

"आणि ते लेकरू कसं गेलं?"
"टँकरखाली."
"टँकर पुढं जात होता का मागं येत होता?"

हेही मला माहीत नव्हतं. मातीला गेले होते मी, पण कुणालाच विचारलं नव्हतं. अपघात म्हणाले, अपघात धरून चालले.

१९ मार्च, शनिवार
सकाळी दारात उभी राहून नुसतं बघितलं. अंबू दप्तर घेऊन तयार होती. व्हॅन गल्लीच्या तोंडाशी आली, अंबू ठीक होती. ड्रायव्हरनं रिव्हर्स टाकला. टिंग-टिंग-टिंग, गाडी मागं घेताना वाजते ती पत्र्यासारखी धून सुरू झाली आणि पोरीच्या तोंडावरचं रक्त उतरलं. ओठ पांढरे. हात कानांवर.

सव्वा महिना हे माझ्या डोळ्यांसमोर होत होतं. आणि मी तिला मारलं होतं.

ड्रायव्हरला म्हणाले, ही धून आत्ताच्या आत्ता बंद कर. तो म्हणाला, मालकाला विचारावं लागेल. मी म्हणाले, मालकाला माझ्याकडं पाठव. त्यानं माझं तोंड बघितलं आणि खाली वाकून वायर तोडली.

२२ मार्च
आज डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. भयंकर काही डोळ्यांदेखत घडलं की ते मनात नीट मागं पडत नाही, आत्ताच होतंय असं परत परत उसळून येतं. एखादा आवाज, वास, जागा पुरते. मोठं माणूस सांगतं, मला भीती वाटते. लेकरू सांगत नाही. त्याचं पोट दुखतं, ते अंथरूण ओलं करतं, मारामारी करतं, तोच तो खेळ खेळतं. आघातानंतरचा ताण म्हणायचं. बहुतेक लेकरं पहिल्या महिन्यात हळूहळू सावरतात. महिना उलटूनही कमी न होता वाढतच गेलं, तर उपचार लागतो. "आणि उपचारानं बरं होतं, पंचशीलाताई. पण सावकाश. आणि मार बंद."

मी सांगितलं नव्हतं. अंबूनं सांगितलं असेल. कान गरम झाले माझे.

वायर तोडल्याचं मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तर म्हणाल्या, "आत्तापुरतं चांगलं केलंत. पण जगातल्या सगळ्या गाड्यांच्या वायरी तोडायला तुम्ही पुरणार आहात का? तो आवाज म्हणजे नुसता आवाज आहे, हे तिच्या अंगाला शिकवावं लागेल."

उद्धट बाई. पण मी पुढच्या मंगळवारची वेळ घेतली.

५ एप्रिल, मंगळवार
अंबू आता डॉक्टरांकडं जायला कुरकुरत नाही. पोटावर कापडी हत्ती ठेवून श्वास घ्यायला शिकवलंय, हत्ती वर गेला पाहिजे, खाली आला पाहिजे. घरी मीही करायचं म्हणे, तिच्याबरोबर. मी आडवी पडून पोटावर उशी ठेवते. अंबू म्हणाली, "आत्या, तुझी उशी लई जोरात हलती." दोन महिन्यांत तिनं पहिल्यांदा आपणहून काही सांगितलं.

भीतीला दहापैकी मार्क द्यायचे. मोबाईलवर ती धून अगदी बारीक आवाजात लावतात, अंबू मार्क सांगते. पहिल्यांदा दहा. आज सहा. शाळेला डॉक्टरांनी पत्र दिलं. मुख्याध्यापिकाबाई नरमल्या, अंबूला दारापाशी बसवतात, मोठा आवाज होणार असला की आधी सांगतात. आधी का सुचलं नाही यांना? मला का नाही सुचलं?

लातूरला रेल्वेनं पाणी आणणार, असं ऑफिसात सगळे बोलतायत. तिथं पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागलीय. माणसं पाण्यासाठी एकमेकांच्या अंगावर जातात, आणि लेकरं मध्ये असतात. याचा विचार कोणी करतं का?

१२ एप्रिल
आज अंबूनं डॉक्टरांना सगळं सांगितलं. चित्रं काढून. मग तिला विचारून डॉक्टरांनी मला आत बोलावलं, आणि तिनं परत सांगितलं. खाली बघून, सपाट आवाजात. मी तिच्याच शब्दांत लिहून ठेवते.

"उदगीर जिल्हा झाला न्हाई म्हणून मोर्चा होता. सगळे तिकडं गेलते. टँकर सकाळी येत असतो, तो लई उशिरा आला. समदे विहिरीकडं पळाले. टँकर विहिरीत पाणी सोडायला टिंग-टिंग वाजवत मागं येत होता. क्लिनर नव्हता, तो मोर्चाला गेलता. पायपातून पाणी गळत होतं. सम्या म्हणाला, मी हात भिजवतो. भिजवला. परत माझा हात धरला. मग खाली डबकं दिसलं, तो परत तिकडं गेला. मी धरलं होतं. हात ओला होता. मी सोडला न्हाई. सुटला."

मग फ्रॉकला हात पुसायला लागली. डॉक्टरांनी थांबवलं नाही. म्हणाल्या, "सुटला आणि सोडला, यात फरक आहे का अंबू?"

अंबू म्हणाली, "गावात म्हणतात सोडला."
"कोण?"
"अण्णाराव. सगळे. आई म्हणाली, तू खाल्लंस त्याला."

म्हणून पाठवली होती माझ्याकडं. शाळेसाठी नाही, पाण्यासाठी नाही.

१४ एप्रिल, गुरुवार
जयंती. सव्वाशेवी. डॉक्टर म्हणाल्या होत्या, एवढ्या गर्दीत इतक्यात नको. पण मला वाटलं, लेकराला पांढरा फ्रॉक घालावा, पुतळ्याला हार घालताना बघू दे. डीजेचा ट्रक वळताना मागं आला. तीच धून, शंभरपट मोठी. अंबू लोकांच्या पायांमध्ये शिरली. सापडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. सापडली तेव्हा ओली झालेली होती आणि मला ओळखत नव्हती.

घरी आल्यावर परत चपलांची रांग.

मी घाई केली. तिच्यासाठी नाही, मला लोकांना दाखवायचं होतं माझी भाची बरी झाली म्हणून.

१९ एप्रिल, मंगळवार
डॉक्टरांशी कडाक्याचं भांडण. मी म्हणाले, अंबूला घेऊन पोलिसात जाते, तिचा जबाब घ्यायला लावते. क्लिनर नसताना गर्दीत टँकर मागं घेतला, हे तिनं बघितलंय. अण्णाराव मोकळा फिरतोय. माझ्या टेबलावर टँकरची कागदं असतात, मला नियम शिकवू नये कोणी.

डॉक्टर म्हणाल्या, "जबाब देता येईल. तिला झेपेल तेव्हा, आणि तिला द्यायचा असेल तर. आत्ता तिला तिथं उभी करून दहा लोकांनी उलटसुलट विचारलं, तर आपण जेवढं वर आणलं तेवढं खाली जाईल. तिथं काय तिनं एकटीनंच बघितलं का? सगळं गाव होतं."

"गावातलं कोणी बोलणार नाही."

"मग मोठी माणसं बोलत नाहीत म्हणून आठ वर्षांच्या पोरीनं बोलायचं?"

मी पर्स उचलली. वर आणखी म्हणाल्या, आईला बोलवा, तिच्याशिवाय हे पुरं होणार नाही. मी म्हणाले, त्या बाईला मी माझ्या उंबऱ्यात येऊ देणार नाही, आणि जिना उतरले.

२४ एप्रिल, रविवार
केवळाबाईंकडं अंबूला ठेवून गावाकडं जाऊन आले. गावात शिरताच अण्णारावाचा मोठा फलक: उदगीर जिल्हा झालाच पाहिजे. हात जोडून हसतोय. तालुक्यातल्या माणसांना प्यायला पाणी नाही, आणि याला जिल्हा पाहिजे! ज्यानं लेकराला चिरडलं त्याच टँकरचा फोटो आहे फलकाच्या कोपऱ्यात, 'मोफत पाणी सेवा' म्हणून.

घरी जाऊन मी जे बोलले ते सगळं लिहीत नाही. व्यंकटीला म्हणाले, तू त्याचा ट्रॅक्टर हाकतोस, तुझ्या लेकाच्या रक्तावरून हाकतोस. तो ओट्यावर बसून राहिला. शिवकांता कामावरून आली होती, अंगावर सगळा फुफाटा. निम्मी झाली आहे. मी तिलाही सोडलं नाही. पोटच्या पोरीला म्हणालीस, तू खाल्लंस त्याला? जीभ झडली कशी नाही तुझी? ती रस्त्यावर मरत होती माझ्या डोळ्यांसमोर!

वाटलं, ती भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. घागरीवर हात ठेवून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "तिला माझं तोंड दाखवू नका, अक्का."

बघा. एवढा द्वेष. मी पाणीही न पिता परत फिरले.

३ मे, मंगळवार
डॉक्टरांना सांगितलं, आईला लेकरू नको आहे, तोंड दाखवू नका म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही जसं ऐकलंत तसंच ती म्हणाली असेल का?" आणि माझ्याकडून शिवकांताचा नंबर मागून घेतला. मी दिला. काय बोलायचं ते त्यांनीच बोलावं.

अंबू धुनीला आता तीन मार्क देते. हात धुते. आज तिनं खोबरेल लावू दिलं.

१३ मे, शुक्रवार
शिवकांता आली. एकटी, एसटीनं. नांदेडला आयुष्यात दुसऱ्यांदा आली असेल. स्टँडवरून डॉक्टरांच्या दवाखान्यापर्यंत विचारत विचारत चालत. मी तिच्याशी बोलले नाही.

आधी डॉक्टर तिच्याशी एकटीशी बराच वेळ बोलल्या. मग आम्हाला आत घेतलं. अंबूजवळ तिची चित्रं होती, गोष्टीसारखी एकामागं एक लावलेली. डॉक्टर म्हणाल्या, "अंबूला तुम्हाला काही सांगायचंय. शेवटपर्यंत ऐकायचं."

अंबूनं सांगितलं. मला सांगितलं होतं तेच. पण या वेळी सुरुवात आणखी मागून केली. "मी म्हणाले होते, सम्याला घरी ठेव, गर्दी असती. तू म्हणालीस घेऊन जा."

शिवकांतानं तोंडावर पदर धरला. डॉक्टर म्हणाल्या, "पदर काढून बोला. तिला दिसू द्या."

"मीच म्हणले," शिवकांता म्हणाली. "मीच म्हणले, ने त्याला. मला झोप आलती बाई. दोन रात्री नंबरला उभी होते, पाणी मिळालं न्हाई. तो अंगावर खेळत होता, मला झोपू देत नव्हता. मी म्हणले, घेऊन जा त्याला आणि मी झोपले. गलका झाला तरी मला जाग न्हाई आली. लोकांनी येऊन उठवलं. आई झोपली होती, हे मी कुणाला सांगू? कुणी म्हणलं पोरीनं हात सोडला. मी धरून बसले तेच. तुझं तोंड बघितलं की मला मीच दिसत होते."

मला तिच्याकडं बघवलं नाही.

अंबू उठली. वाटलं, आईच्या कुशीत जाईल. तिनं दोन्ही मुठींनी आईला मारायला सुरुवात केली. खांद्यावर, छातीवर, जिथं लागेल तिथं. "मग मला का म्हणलीस! मला का म्हणलीस! मी धरलं होतं! मी धरलं होतं त्याला!" एवढा मोठा आवाज तिच्यात आहे, हे मला माहीत नव्हतं. मी पुढं झाले, डॉक्टरांनी मला हातानं थांबवलं. शिवकांतानं एकही फटका चुकवला नाही. "चुकलं माझं. तू सोडला न्हाईस. तू लई घट्ट धरलं होतंस," असं म्हणत राहिली. अंबू थकेपर्यंत.

मग पोर तिच्या मांडीवर पडली आणि रडली. जानेवारीपासूनचं.

शिवकांताला मी घरी आणलं. उंबऱ्यात येऊ देणार नाही म्हणाले होते ना! भाकरी टाकली. ती जेवताना म्हणाली, "अक्का, तुम्ही सांभाळलंत." मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. मी तिला गावात जाऊन काय काय बोलले होते, आणि ती घागरीला धरून उभी होती.

१७ मे
व्यंकटीचा फोन. शिवकांतानं गावी जाऊन त्याला सगळं सांगितलं. अण्णारावाच्या ट्रॅक्टरवरून तो कायमचा उतरला. म्हणाला, "अक्का, मी मोर्चातून त्याच टँकरवर बसून आलतो. क्लिनर न्हाई, हे मला ठावं होतं. मी उतरून मागं उभा राहायला पाहिजे होतं. दोघातिघांना विचारलं, निवृत्तीकाका बी तिथं होते, ते तयार हायेत. उद्या ठाण्यात जाऊन जबाब देतो."

अंबूचं नाव घेऊ नको, म्हणाले.
"न्हाई घेत. आम्ही होतो की तिथं."

९ जून, गुरुवार
केस नोंदवली गेली आहे. अण्णारावानं वकील दिला आहे, निवृत्तीकाकांची पाण्याची मोटार त्याच्या माणसांनी बंद पाडली म्हणतात. काय होईल, माहीत नाही. मी उदगीर तहसीलला दोन अर्ज केलेत, टँकर मागं घेताना माणूस पाहिजे म्हणून, आणि तिसरा करणार आहे. माझा राग कुठं जाणार?

डॉक्टर म्हणाल्या, आता महिन्यातून एकदा आणा. झोपेतलं ओरडणं अजून अधूनमधून आहे. जानेवारी आला की परत वाढेल कदाचित, घाबरू नका. शिवकांतालाही त्यांनी लातूरला एका समुपदेशक बाईंकडं जायला सांगितलंय. ती जाते.

अंबूला विचारलं, शाळा इथं की गावात? म्हणाली, "गावात." लगेच. मी हो म्हणाले आणि डाळ बघायला स्वयंपाकघरात गेले. डाळ शिजलेलीच होती.

१२ जून, रविवार
अंबूला गावी सोडायला निघालो. उदगीरच्या गाडीला ही गर्दी. खिडकीची जागा धरायला अंबूनं आपला रुमाल टाकला होता. आम्ही चढेपर्यंत एक धोतरवाले बाबा तो रुमाल बाजूला सारून ऐसपैस बसलेले. माझं तोंड उघडलंच होतं, त्याआधी अंबू पुढं झाली.

"उठा. ती माझी जागा हाय."
"ए पोरी, लहानानं उभं राहावं."
"मी आधी रुमाल टाकला. तुम्हाला दिसला न्हाई का? उठा म्हणलं ना!"

सगळी बस बघायला लागली. कंडक्टर हसला. बाबा माझ्याकडं बघून म्हणाले, "काय ओ बाई, पोरीला वळण न्हाई?" माझ्याजवळ उत्तरं पुष्कळ होती. मी एकही दिलं नाही. तिचं भांडण होतं, तिला भांडू दिलं.

ते उठले. अंबू खिडकीशी बसली, आणि पाय पसरून मला म्हणाली, "सरक आत्या, मला वारा लागू दे."